जोर कुठल्या अक्षरावर

बाईंना पहिली शंका आली ती अगदी साध्या शब्दावर. वर्गातल्या एका मुलीने फळ्यावरचं क्रियापद वाचलं, 'पार्लो', आणि तिने जोर कुठे दिला ते बाईंना कळलं नाही. इटालियनमध्ये या शब्दात जोर पहिल्या अक्षरावर पडला तर अर्थ होतो 'मी बोलतो', आणि शेवटच्या अक्षरावर पडला तर 'तो बोलला'. माणूसही बदलतो आणि काळही. बाईंनी तिला परत म्हणायला लावलं. तिने परत म्हटलं. बाईंना पुन्हा तेवढंच ऐकू आलं, सुरुवात स्पष्ट आणि शेवट कुणीतरी ओल्या फडक्याने पुसल्यासारखा. मुलगी उत्तराची वाट बघत उभी होती. बाई म्हणाल्या, "बरोबर," आणि पुढच्या ओळीवर गेल्या. मागच्या बाकावर कुणीतरी चुळबुळ केली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बहुतेक चूक होतं.

चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ती संस्था होती आणि बाई तिथे संध्याकाळी इटालियन शिकवत. विद्यार्थी त्यांना पाठीमागे टाळीबाई म्हणायचे, आणि ते बाईंना ठाऊक होतं. शब्दाची अक्षरं सुटी करून म्हणताना जोराच्या अक्षरावर त्या टाळी वाजवत. आपण मराठीत जोर कुठेही दिला तरी शब्द तोच राहतो, म्हणून नव्या माणसाला तो जोर ऐकूच येत नाही, असं त्या पहिल्या दिवशी समजावून सांगत. आपण 'पुस्-तक' असं तोडतो, पण तिकडे 'मी थांबतो' म्हणायचं तर 'आ-स्पेत्-तो' असं तोडायचं, तिथला 'स' मागे राहत नाही, पुढच्याला जाऊन चिकटतो. कान तयार व्हायला वेळ लागतो, त्या म्हणायच्या, घाई करू नका.

आणि आता त्यांचाच कान दगा देत होता. फोन त्या कधीपासून डाव्या कानाला लावायला लागल्या होत्या, ते त्यांना आठवत नव्हतं.

त्यांनी एक युक्ती काढली. यापुढे टाळी बाई वाजवणार नाहीत, ज्याने त्याने आपल्या शब्दाला आपणच वाजवायची. म्हणजे कोण कुठे जोर देतो ते हातांवरून दिसायचं. वर्गाला मजा वाटली. संस्थेचे संचालक, ज्यांना सगळे सर म्हणत, ते एकदा दारात उभे राहून बघत होते. त्यांनी कौतुक केलं आणि फ्रेंचच्या वर्गातही ही पद्धत सुरू करू म्हणाले. बाई हसल्या.

बाईंची आई चाळिशीतच ऐकेनाशी झाली होती. पाहुणे आले की ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघत हसत बसायची, आणि कुणी प्रवास कसा झाला विचारलं की "साखर कमीच घातलीय" असं काहीतरी उत्तर द्यायची. मुलं तोंडावर हात धरून हसायची. त्यांत बाईही असायच्या. आता आरशासमोर केस विंचरताना त्यांना आपल्या चेहऱ्यावर तेच सावध हसू दिसायचं.

बाईंचे यजमान दातांच्या कवळ्या बनवायचे. घरातल्या मागच्या खोलीत त्यांचं काम चाले. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. ते मितभाषी होते. टीव्हीचा आवाज वाढला की नंतर येऊन मुकाट्याने कमी करायचे. एकदा त्यांनी एवढंच विचारलं होतं, कानाच्या डॉक्टरकडे जाऊन यायचं का. बाईंनी तो विषय झटकून टाकला. डॉक्टरकडे गेलं की ऐकू न येण्याला नाव मिळणार, आणि नाव मिळालं की ते संस्थेत सांगावं लागणार. बहिऱ्या माणसाला जोर शिकवायला कोण ठेवेल?

परीक्षा जवळ आली तशी त्यांची झोप उडाली. तोंडी परीक्षेत क्रियापदांची दहा रूपं असत. उमेदवाराने प्रत्येक रूप आधी अक्षरं सुटी करून म्हणायचं, मग जोरासकट सलग. टाळीला तिथे परवानगी नव्हती. बाईंचा सगळा भरवसा दुसऱ्या परीक्षकांवर होता. ते बाहेरून येत आणि खणखणीत कानाचे होते. त्यांच्या कागदाकडे तिरक्या नजरेने बघून आपले आकडे टाकायचे, असं बाईंनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. या विचाराची लाज वाटत होती, पण दुसरा मार्ग दिसत नव्हता.

परीक्षेच्या सकाळी निरोप आला की बाहेरचे परीक्षक तापाने फणफणले आहेत. सर म्हणाले, नियमाला दोन माणसं हवीत, मी बसतो. सरांचा विषय हिशेब. त्यांना इटालियनमधलं 'नमस्कार' आणि 'आभारी आहे' यापलीकडे काही येत नव्हतं. "तुम्ही मार्क द्या, मी सही करतो," ते म्हणाले आणि रेकॉर्डरचं बटण दाबून खुर्चीत रेलले. खोली लहान होती, खिडकी उघडत नव्हती, आणि डोक्यावरचा पंखा घरघरत होता. पंखा बंद करा म्हणावं, तर सरांच्या कपाळावर आधीच घाम होता.

पहिले काही उमेदवार ठणठणीत आवाजाचे निघाले. बाईंच्या जिवात जीव आला. मग काकू आल्या.

वर्गात सगळ्यात मोठ्या म्हणून त्यांना सगळे काकू म्हणत. पोस्टातून निवृत्त झालेल्या होत्या. मुलगा तिकडेच स्थायिक झाला होता आणि नातवाला इटालियनशिवाय काही येत नव्हतं. त्यांच्याकडे जाऊन राहायचा परवाना मिळायचा तर हे प्रमाणपत्र लागत होतं. पहिल्या बाकावर बसायच्या, एक वर्ग चुकवला नव्हता, आणि टाळी कधी चुकीच्या अक्षरावर पडली नव्हती. पण आवाज इतका बारीक, की झोपलेल्या मुलाशेजारी बोलताहेत असं वाटे. त्या दिवशी तर तो आणखीच खाली गेला होता. ओठ हलत होते, एखादं अक्षर बाईंपर्यंत पोचत होतं, आणि बाकीचं पंखा गिळत होता. बाईंनी मान डोलावली. काकूंना येतं, हे त्यांना माहीतच होतं. त्यांनी दहापैकी नऊ मार्क टाकले.

त्यानंतर वेल्डर आला. जहाजं बांधायच्या कारखान्यात तो वेल्डिंग करायचा आणि त्याची कंपनी काही कामगारांना तिकडच्या कारखान्यात पाठवणार होती. अट एकच, ही परीक्षा. वर्गात तो म्हणजे हमखास हशा. 'ते बोलतात' याला 'पार्-ला-नो' म्हणायचं आणि जोर द्यायचा पहिल्या 'पार्'वर. पण 'आम्ही बोलतो', 'तुम्ही बोलता' या रूपांत जोर मधे येतो, त्या ओघात याचा हात दर वेळी 'ला'वर पडायचा. वर्षभर पडला. त्याच्या मिशा ओठांवर आलेल्या होत्या आणि तो तोंडातल्या तोंडात बोलायचा. बाई त्या मिशांकडे टक लावून बघत राहिल्या. काहीच कळत नव्हतं. पार्लानो आलं. बाईंना मधला 'ला' तेवढा ऐकू आल्यासारखं वाटलं, आणि त्यांनी फुली मारली. पुढच्या शब्दांवरही हात तसाच चालला. सरांनी न बघता सही केली.

निकाल लागला तेव्हा एकटा वेल्डर नापास होता.

तो वर्ग सुटायच्या वेळी आला. बाकीचे जाईपर्यंत दारापाशी थांबला, मग आत येऊन पहिल्या बाकाशी उभा राहिला. कामावरून थेट आलेला दिसत होता, बाहीवर ठिणग्यांची बारीक भोकं होती. बाईंनी आधीच समजुतीचं बोलायला सुरुवात केली, पुढच्या खेपेला होईल वगैरे. त्याने ते संपू दिलं.

"बाई, दहाच्या दहा बरोबर होते असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "पण पार्लानो मी बरोबर म्हटलं. महिनाभर यार्डात पत्र्यावर हातोडी मारून म्हणत होतो. आमच्या पाळीतल्या सगळ्यांना पाठ झालंय ते."

बाई म्हणाल्या, परीक्षेत माणूस घाबरतो, आपण काय म्हटलं ते आपल्याला आठवत नाही.

त्याने मान हलवली. मग त्यांच्याकडे बघून, आवाज न चढवता, फक्त एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

बाईंचा हात टेबलावरच्या डस्टरवर गेला आणि तिथेच राहिला.

"आमच्या यार्डात चाळिशी आली की सगळेच असे तोंडाकडे बघायला लागतात," तो म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही माझ्या मिशांकडे बघत होता. मला तिथेच कळलं की माझं काही खरं नाही. आधी माहीत असतं तर काढून आलो असतो."

तो विनोद करत नव्हता. महिनाअखेर कंपनीची माणसं ठरणार आहेत, एवढं सांगून तो गेला. तक्रार करीन असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बाईंना बरं वाटलं असतं, मग जे व्हायचं ते दुसऱ्याच्या हातून झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्यालयातून परीक्षेचं रेकॉर्डिंग मागून घेतलं. नोंदी पुऱ्या करायच्या आहेत, असं सांगितलं. सुट्टीच्या दुपारी त्या मागच्या खोलीत गेल्या. यजमान एका जबड्याची हिरडी घासत बसले होते.

"अहो, एक काम आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला भाषा यायची गरज नाही. मी कागदावर शब्द तोडून लिहिते. तुम्ही ऐकायचं आणि ज्या अक्षरावर जोर पडतो त्यावर बोट ठेवायचं."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. हात पुसले, हेडफोन लावला. बाईंनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, पार्, ला, नो. यजमानांनी डोळे मिटून ऐकलं, डोळे उघडले, आणि प्लास्टरची पूड लागलेलं बोट 'पार्'वर ठेवलं.

"नीट ऐका. मधल्यावर नाही?"

त्यांनी पुन्हा ऐकलं. बोट हललं नाही. 'पार्'च्या अंगावर एक पांढरा ठिपका उमटला.

बाईंनी पुढचा शब्द लिहिला, मग त्याच्या पुढचा. दोन ठिकाणी वेल्डर खरंच चुकला होता. बाकी सगळं बरोबर होतं. तो चांगल्या मार्कांनी पास व्हायला हवा होता. बाईंनी डोकं हातांत धरलं. यजमान हेडफोन काढून हळूच म्हणाले, कधीपासून? बाईंनी सांगितलं. एकदा बोलायला लागल्यावर सगळंच सांगितलं, टाळ्यांची युक्ती, दुसऱ्यांच्या कागदात बघायचा बेत, सगळं. यजमान ऐकत होते. त्यांना काही नवीन कळतंय असं दिसत नव्हतं.

मग बाई म्हणाल्या, आलोच आहोत इथवर तर काकूंचंही ऐकून टाका. मनाला तेवढाच दिलासा मिळेल असं त्यांना वाटलं होतं. पण यजमानांचं बोट दुसऱ्याच शब्दाला चुकीच्या अक्षरावर गेलं. बाईंना वाटलं त्यांचीच चूक झाली. त्यांनी परत ऐकवलं. तिसऱ्या शब्दाला काकू अर्ध्यावर थांबल्या होत्या, चौथ्याला अक्षरंच चुकीची तोडली होती. पुढे पुढे तर, यजमान म्हणाले, ही बाई रडकुंडीला आलेली वाटते गं.

बाईंनी रेकॉर्डिंग बंद केलं.

बाईंच्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं. वेल्डरपुरतं सांगता येईल. पंखा होता, आवाज नीट आला नाही, एका उमेदवाराचं परत ऐकावं, एवढं म्हटलं की झालं. काकूंचं कुणाला कळणार? त्यांना खरंच येत होतं, त्या दिवशी घाबरल्या एवढंच. तिकडे नातू वाट बघतोय. त्यांनी हे सगळं बोलून दाखवलं, आणि शेवटी विचारलं, तुम्ही काय केलं असतं?

यजमानांनी समोरचा जबडा उचलून उजेडात धरला. "मला तुझ्या परीक्षेतलं काय कळतंय," ते म्हणाले. "पण त्याचं परत ऐकायचं आणि तिचं नाही, हे ठरवायला पुन्हा तूच बसणार. ऐकू न येता."

त्यानंतरचे दोन दिवस बाईंनी कसेबसे काढले. सरांच्या खोलीपर्यंत जायच्या आणि पाण्याचं निमित्त करून परत यायच्या. शेवटी एकदा दार उघडंच होतं आणि सरांनी आतून हाक मारली, म्हणून त्या गेल्या.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि उठून दार लावलं. पहिल्यांदा त्यांना विश्वासच बसेना, मग ते संस्थेच्या नावाची काळजी करायला लागले. निकाल वर गेला आहे, आता तो मागे घ्यायचा म्हणजे आपणच आपल्या तोंडाला काळं फासून घेण्यासारखं आहे. वेल्डरला पुढच्या खेपेला फुकट बसवू, वाटल्यास खास शिकवणी देऊ. बाई म्हणाल्या, त्याच्या कंपनीची माणसं महिनाअखेर ठरतायत.

"बरं, त्याचं एकट्याचं बघू," सर म्हणाले. "काकूंचं कशाला उकरता? त्यांनी तक्रार केली आहे का?"

"नाही."

"मग?"

"मग त्यांचे मार्क मी दिलेत, सर. ऐकून नाही दिले. कुणाचेच ऐकून नाही दिले."

सरांनी कागदावरचं वजन इकडून तिकडे सरकवलं. आपण न बघता सही केली होती हे त्यांनाही आठवलं असावं. त्यांनी बाहेरच्या परीक्षकांना फोन लावला.

परीक्षकांनी सगळ्यांचं रेकॉर्डिंग नव्याने ऐकलं. वेल्डर पास झाला. काकू नापास झाल्या. बाकीच्यांचे आकडे थोडे वरखाली झाले, निकाल तोच राहिला. बाईंचं नाव परीक्षकांच्या यादीतून काढलं. शिकवायचं की नाही ते कानाच्या तपासणीनंतर बघू, असं सर म्हणाले. ते पूर्वीसारखं हसून बोलत नव्हते.

काकूंना संस्थेचं पत्र जायच्या आत आपण सांगायचं, म्हणून बाई त्यांच्या घरी गेल्या. दारातूनच पलंगावरची उघडी बॅग दिसली. तिच्यात वर लहान मुलाचे दोन स्वेटर घडी घालून ठेवलेले होते. काकूंनी पाणी दिलं, बसवलं. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

"मी चुकतेय हे मला तिथेच कळलं होतं," काकू म्हणाल्या. आज त्यांचा आवाज नीट ऐकू येत होता. "दुसऱ्याच शब्दाला कळलं. मी थांबणार होते, परत म्हणू का विचारणार होते. पण तुम्ही मान डोलावलीत. मला वाटलं, बाई म्हणतायत म्हणजे बरोबर असेल."

बाई म्हणाल्या, पुढच्या परीक्षेपर्यंत मी रोज येऊन तुमची तयारी करून घेते, घरी येते.

"नको," काकू म्हणाल्या. "दुसरं कुणी मिळालं तर बघते." त्या उठल्या आणि बाईंचा पेला उचलून आत घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा बसल्या नाहीत, म्हणून बाईही उठल्या. दारात काकू म्हणाल्या, मुलाला कळवून झालं होतं, आता परत कळवायला हवं. रागावल्यासारख्या बोलल्या नाहीत. बाईंना ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आतलं एक इवलंसं हाड जागच्या जागी घट्ट झालं आहे. आईचंही तेच झालं असणार. त्या काळी कुणी तपासलं नाही एवढंच. शस्त्रक्रिया करून त्या जागी बारीक दांडी बसवता येते. बहुतेकांना गुण येतो, एखाद्याचा तो कान कायमचा जातोही. बाईंनी आधी डाव्या, त्यातल्या त्यात बऱ्या कानाबद्दल विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, नाही, जो जास्त बिघडलाय तोच आधी, म्हणजे बाजी उलटली तरी एक राहील. बाजी हा शब्द बाईंच्या मनात आठवडाभर घुमत राहिला. शस्त्रक्रियेच्या सकाळी यजमान बाकावर शेजारी बसले होते, आणि परिचारिकेने नाव पुकारलं ते त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी बाईंच्या कोपराला हात लावला.

गुण आला, पण पुरता नाही. उजव्या कानात आता भांड्यांचा आवाज वाजवीपेक्षा मोठा येतो आणि कुजबुज येतच नाही. दुसऱ्या कानाचं नंतर बघू असं ठरलं. वेल्डर ठरल्या वेळी तिकडे गेला. जाण्याआधी संस्थेत येऊन प्रमाणपत्र घेऊन गेला तेव्हा बाई रुग्णालयात होत्या. काकू पुढच्या परीक्षेला बसल्या, दुसऱ्या एका शिक्षकाकडे तयारी करून, आणि पास झाल्या. बाईंना ते सरांकडून कळलं. काकूंनी कळवलं नाही. बाईंनी फोन हातात घेतला होता, अभिनंदन करावं म्हणून, मग ठेवून दिला.

सरांनी त्यांना एक वर्ग दिला, नवशिक्यांचा, आणि परीक्षा दुसरं कुणी घेईल ही अट घातली. पहिल्या दिवशी बाई जिना चढताना मधेच थांबल्या. खाली चपलांच्या दुकानात कुणीतरी खोकी रचत होतं, तो आवाज उजव्या कानात धाडधाड आदळत होता. वर्गात बरेच नवे चेहरे होते, वह्या उघडून, पेनं सरसावून बसलेले. बाई खुर्चीवर बसल्या नाहीत.

"सुरुवात करायच्या आधी एक सांगते," त्या म्हणाल्या. "मला कमी ऐकू येतं. उजव्या बाजूने तर हळू बोललेलं येतच नाही. तुम्ही काही म्हटलंत आणि मला कळलं नाही, तर मी परत विचारीन. दोनदा विचारीन, तिसऱ्यांदाही विचारीन. आणि कळल्याशिवाय मी बरोबर म्हणणार नाही. तुम्ही कंटाळायचं नाही."

कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीने मान खाली घालून ते सगळं वहीत उतरवून घेतलं, वर तारीख टाकून, आणि 'तिसऱ्यांदाही'च्या खाली रेघ मारली.